मांड्याची घडी आणि सरबताची घागर

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या बेळगाव भागात मांडे करणारा आचारी कामात असताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी आज काय सांगणार आहे, हे अर्धेअधिक ठाऊकच आहे. दोन्ही हातांवर झुलवत पोळी कोपरापर्यंत वाढवायची, तापलेल्या उपड्या भांड्यावर ती अलगद पसरायची, वर पिठीसाखर, तूप आणि वेलची घालायची आणि ती कडक होण्याआधी, बोटे पोळत असतानाच, तिची चौकोनी घडी घालायची. क्षणभर उशीर झाला, की घडीऐवजी हातात चुरा येतो. इतके देखणे काम आपण मंगल कार्यालयाच्या मागच्या पडवीत, पाहुण्यांच्या नजरेआड करवून घेतो आणि पुढच्या दालनात मात्र कागदी फुलांच्या कमानीवर पैसे खर्च करतो, याचे मला नवल वाटते. साखरपुडा असो वा बारसे, मांड्यांची ती चूल पाहुण्यांपासून बेताच्या अंतरावर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी मांडावी. वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही.

पदार्थाची मांडणी त्याच्या स्वभावातून निघाली पाहिजे, असे माझे मत आहे. गिरमिटाचेच पाहा. चिरमुऱ्यांत मसाला कालवून परात भरून ठेवली, तर पहिल्या रांगेला कुरकुरीत आणि शेवटच्या रांगेला लगदा मिळतो. चिरमुरे, कांदा, टोमॅटोचा मसाला, शेव आणि कोथिंबीर वेगवेगळी ठेवून मागेल त्याला तिथेच कालवून द्यावे आणि सोबत गरम मिरचीभजे ठेवावे. हे द्यायला रद्दीच्या कागदाचे पुडे मात्र नकोत, कारण छपाईची शाई पोटात जाते. पळसाच्या पानांचे द्रोण त्याहून सुंदर दिसतात. प्लास्टिकच्या ताटल्या आणि पेल्यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे आता द्रोण वापरणे ही केवळ हौस राहिलेली नाही.

केळीच्या पानाची आपली जुनी मांडणी तर मला अजूनही अजोड वाटते. पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वरच्या बाजूला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात. जे चिमटीभर खायचे ते डावीकडे आणि जे पुन्हा पुन्हा घ्यायचे ते उजव्या हाताजवळ, पानाच्या रुंद भागावर. यापेक्षा सोयीची रचना कोणी काढून दाखवावी. बुफे असला, तरी ज्येष्ठांसाठी अशी एक छोटी पंगत बाजूला बसवावी, कारण ताट एका हातात पेलून उभ्याने जेवणे त्यांच्याच्याने होत नाही.

पेयांच्या बाबतीत मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण हौसेपोटी सर्वांत मोठी चूक इथेच होते. आमच्या नात्यातल्या एका बारशाला लिंबाचे सरबत लखलखीत पितळी घागरीत भरून, तिला झेंडूची माळ घालून दारातच ठेवले होते. माझ्या आत्याने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि ‘कळकलंय हे’ एवढेच म्हणून ती सगळी घागर मोरीत ओतायला लावली. आतली कल्हई उडालेली होती. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत कोकम, लिंबू, ताक, पन्हे असे काहीही आंबट ठेवले, की धातू त्यात उतरतो आणि ते पोटाला बाधते. पितळ दाखवायचेच असेल, तर त्याच्या आत स्टीलचे भांडे बसवावे. ताकासाठी खानापूरच्या कुंभारांचे मातीचे भांडे घ्यावे. मात्र ते आतून रंगवलेले नसावे आणि आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवावे. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते, म्हणून आतले ताक गार राहते. कोकम सरबतात साधा बर्फ टाकला, की अर्ध्या तासात ते पाणचट होते. त्याऐवजी थोडे सरबतच साच्यात गोठवून त्याचे लालबुंद खडे पेल्यात सोडावेत. ते वितळले तरी चव तीच राहते.

आटवलेल्या दुधाचा कुंदा आणि गोकाकचा डिंक-सुक्यामेव्याचा करदंट या मिठायांना शोभेची गरजच नाही. कुंदा चमचाभरच, लहान वाटीत द्यावा. करदंट डिंकामुळे चिवट असतो, म्हणून त्याच्या पातळ कापा कराव्यात.

मांडणी कितीही सुरेख असली, तरी गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहतील, अशी सोय हवी, आणि तयार अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर नसावे. प्रत्येक पदार्थासमोर त्याचे नाव मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावे, कारण आपल्याकडच्या कार्यात पाहुणे दोन्हीकडचे असतात. शेंगाचटणीसारख्या पदार्थात शेंगदाणे आहेत, हेही त्याच पाटीवर लिहावे. काहींना ते अजिबात चालत नाहीत.

शेवटी विडा. तो बांधायला अलीकडे लाकडी काडी टोचतात, आणि ती बाजूला काढायची राहिली, तर हिरडीत रुतते. तिच्याऐवजी लवंग टोचावी. ती विड्याबरोबरच चावली जाते.