गटारीवरचा ढापा

(दृश्य: अरुंद बोळ, उघडी गटार, तिच्यावर आडवी टाकलेली लाकडी फळी)

ही फळी बघा. हा माझ्या आईच्या घरासमोरचा बोळ, गावाचं नाव सांगत नाही कारण अशी फळी तुमच्याही गावात कुठंतरी असणारच. इथं आधी सिमेंटचा ढापा होता, एका पावसाळ्यात टेम्पोचं चाक गेलं आणि तो मधोमध तुटला. शेजारच्या काकूंनी घरातली जुनी फळी आणून टाकली, दोन दिवसांपुरती म्हणून. ती फळी दोन वर्षांपेक्षा जास्त तिथंच राहिली. एवढ्या वेळात मी नगरपरिषदेत इतक्या चकरा मारल्या की ती चालते कशी हे मला कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. हा व्हिडिओ त्याच चकरांमधून झालाय.

आधी साधी गोष्ट. आपल्याकडं छोट्या शहरांचा कारभार चालतो तो १९६५ च्या कायद्यानं, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. लाखावर लोकसंख्या असेल तर अ वर्ग, चाळीस हजार ते लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग, आणि खेड्याचं शहर होत असेल तिथं नगरपंचायत. महानगरपालिकेत महापौर असतो तसा इथं नगराध्यक्ष. पण नीट ऐका, मुंबई-पुण्याचा महापौर नगरसेवक निवडतात, नगराध्यक्षाला मात्र आता तुम्ही-आम्ही थेट मत देतो. हेसुद्धा किती वेळा बदललं, २००१ ला थेट, २००६ ला परत नगरसेवकांमधून, २०१६ ला थेट, २०२० ला नगरसेवकांमधून, २०२२ ला पुन्हा थेट. सरकार बदललं की नियम बदलला. माझं स्पष्ट मत आहे, गावाचा प्रमुख कसा निवडायचा हे गावाच्या सोयीनं ठरायला पाहिजे, मुंबईत कुणाचं सरकार आहे त्यावरून नाही.

आता लोकांना वाटतं की नगराध्यक्ष म्हणजे गावाचा मालक, त्यानं मनात आणलं की काम झालं. मलाही तसंच वाटायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थेट नगराध्यक्षांच्या केबिनकडं गेलो तर केबिनला कुलूप, शिपाई म्हणाला, "दादा, बॉडी बरखास्त आहे, साहेबांना भेटा." बॉडी म्हणजे निवडून आलेलं मंडळ, आणि साहेब म्हणजे मुख्याधिकारी. हा माणूस निवडून आलेला नसतो, एमपीएससीतून येतो, राज्य सरकार त्याची नेमणूक करतं आणि तेच बदलीही करतं. गावातल्या कामाची अंमलबजावणी, कर्मचारी, फायली, परवानग्या, हे सगळं त्याच्या हातात. म्हणजे नगरपरिषदेत दोन खुर्च्या आहेत, एक लोकांनी दिलेली आणि एक सरकारनं दिलेली, आणि एकट्या कुठल्याच खुर्चीला गाव चालवता येत नाही. नगराध्यक्ष सभा बोलावतो, सभेचा अध्यक्ष असतो, समसमान मतं पडली तर त्याचं निर्णायक मत. पण पैसा खर्च करायचा तर सभेचा ठराव लागतो, आणि ठराव अंमलात आणणार मुख्याधिकारी.

आणि त्या वर्षांत तर पहिली खुर्ची रिकामीच होती. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला, निवडणुका लांबल्या आणि राज्यभर नगरपरिषदांवर प्रशासक बसले. कितीतरी ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होता. म्हणजे विषय मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमलबजावणी करणारा पण तोच, मग विचारायचं कुणाला? वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही, आमच्या साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली, इंजिनिअरला फोनही केला. पण चाळीस-पन्नास बोळांच्या गावात आमच्या बोळाची आठवण करून देणारा कुणी नव्हता. सकाळी दूध आणायला गेल्यावर ज्याला रस्त्यात अडवता येतं असा माणूसच नव्हता. नगरसेवक हा त्यासाठी असतो.

शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक नगरपरिषदा, नगरपंचायतींचं मतदान झालं. नगरपरिषदेच्या एका प्रभागात दोन, कुठं तीन नगरसेवक, त्यामुळं मशीनवर एकापेक्षा जास्त बटणं दाबायची होती, एक नगराध्यक्षाचं आणि बाकी नगरसेवकांची. माझी आई बूथमधून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, किती वेळ लागला मला, सगळी बटणं दाबली ना मी?" दाबली होती.

आमच्या प्रभागातून एक ताई निवडून आल्या. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सुरवातीला फोन केला की त्यांचे यजमानच उचलायचे, "बोला, काय काम आहे?" मी दरवेळी म्हणायचो, ताईंना द्या. हे प्रत्येकानं करायला पाहिजे. मत ताईंना दिलंय, सभेत हात ताईंचा वर होणार आहे, मग बोलणं त्यांच्याशीच झालं पाहिजे. चौथ्या की पाचव्या फोनला त्यांनी स्वतः उचलला आणि त्यानंतर कायम त्यांनीच उचलला.

(दृश्य: नगरपरिषदेचं सभागृह, लांब टेबल, माइक, भिंतीवर फोटो)

सर्वसाधारण सभा. दोन महिन्यांच्या आत एक तरी घ्यावीच लागते, सात दिवस आधी नोटीस आणि विषयपत्रिका सगळ्या सदस्यांना जाते. सभा लोकांना बघता येते, पण बघायला जातं कोण? मी गेलो त्या दिवशी मागच्या खुर्च्यांवर आम्ही तिघंच, त्यात एक स्थानिक वार्ताहर.

पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. कंटाळवाणा वाटतो पण सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात, कारण मागच्या वेळी मी विरोध केला होता आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" कसं लिहिलं, असं कुणीतरी उठून विचारतंच. मग एकेक विषय. कुणीतरी सूचक, म्हणजे विषय मांडणारा, कुणीतरी अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा, मग चर्चा, नाही पटलं तर हात वर करून मतदान. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले नगरसेवक असतात, त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. आणि शेवटी ऐनवेळचे विषय. माझ्या अनुभवानं सांगतो, गावाचं खरं लक्ष या ऐनवेळच्या विषयांवर पाहिजे, विषयपत्रिकेत नसलेलं काहीतरी सगळे घरी जायच्या घाईत असताना वाचलं जातं आणि मंजूर होतं.

बहुमत नगराध्यक्षाच्या विरोधात असेल तर? थेट निवडणुकीत हे होतंच. कराडमध्ये २०१६ ला नगराध्यक्षपद भाजपकडं गेलं आणि सभागृहात बहुमत जनशक्ती आघाडीचं. पाच वर्षं तसा संसार करायचा. आणि तेच कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं, दुसरं सासवड, तिसरं लोणावळा. पुढच्या वर्षी विटा, लोणावळा, सासवड. देशातले पहिले तीन नंबर दोन वर्षं ओळीनं आपल्या नगरपरिषदांचे, याचा मला मनापासून अभिमान आहे, कारण यात गाडीवर रोज पहाटे उभं राहणाऱ्या सफाई कामगारांचे हात आहेत.

भांडण फारच वाढलं तर दोन आकडे ऐकू येतात. एक "अठ्ठावन्न दोन", म्हणजे कलम ५८(२), तातडीचं काम असेल, पाण्याची मेन लाइन फुटली वगैरे, तर सभेची वाट न बघता नगराध्यक्ष काम करायला सांगू शकतो. दुसरा "तीनशे आठ", ठराव बेकायदा आहे किंवा लोकांच्या हिताविरुद्ध आहे असं वाटलं तर त्याला जिल्हाधिकारी स्थगिती देऊ शकतात. हरलेला गट सभागृहातून बाहेर पडताना म्हणतो ना, "आम्ही तीनशे आठ टाकणार", ते हे.

ठरावाची ताकद किती आणि ठराव तोकडा कुठं पडतो, हे बघायचं असेल तर रायगड जिल्ह्यातल्या महाडला जाऊन उभं राहायला पाहिजे.

(दृश्य: महाड, चवदार तळं)

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला.  एका छोट्या गावाच्या नगरपालिकेनं त्या काळात हे केलं! पण ठराव वहीत राहिला, तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही. मग २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. आणि त्याच नगरपालिकेनं ४ ऑगस्ट १९२७ ला आपलाच ठराव मागं घेतला. पुढं दहा वर्षं कोर्टकचेरी, तळं खाजगी आहे असा विरोधकांचा दावा, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं. मी त्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा सारखं हेच डोक्यात येत होतं, वहीतली ती ओळ आणि हातातली ओंजळ, दोघांच्यात तीन वर्षं आणि मोजून काही पावलांचं अंतर होतं.

आमच्या ढाप्याची या गोष्टीशी तुलना करायची नाही, ती होऊच शकत नाही. पण ठराव झाला म्हणजे काम झालं नाही, त्याच्यामागं माणसांना चालत जावं लागतं, हे मला तिथं कळलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, हेच मुख्यतः नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न. पूर्वी जकात होती, १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तेव्हापासून सरकारच्या अनुदानाकडं डोळे. वित्त आयोगाचा निधी येतो त्यातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, बाकी राज्य सरकारची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी. त्यामुळं गावात मोठ्ठी कमान उभी राहते आणि ढाप्याला पैसे नसतात, कमानीसाठी वरून निधी आलेला असतो, ढापा स्वतःच्या खिशातून करायचा असतो. आणि घरपट्टी थकवणारे आपणच असतो, हेही बोललं पाहिजे.

तर आमचा बोळ. नव्या बॉडीच्या दुसऱ्या सभेत प्रभागातल्या गटारी आणि ढाप्यांचा विषय आला, ताई सूचक होत्या. त्याआधी त्या स्वतः बोळात येऊन गेल्या, फळीवर उभं राहून बघितली, आणि ज्युनिअर इंजिनिअरला तिथूनच फोन लावला. मंजूर झाला. मग एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, ऑनलाइन टेंडर, दर स्थायी समितीपुढं, वर्क ऑर्डर. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक टेबल आणि प्रत्येक टेबलावर फाइल थांबते. मी आवक-जावकचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवला होता आणि दर सोमवारी विचारायचो, फाइल कुठंय. ओरडलो नाही कधी, फक्त विचारत राहिलो.

एका सकाळी टेम्पो आला. चार माणसं, पहारी, सुतळी. ढापे उतरवले, गटार आधी साफ केली, काळा गाळ कडेला काढला, त्याचा वास दुपारपर्यंत बोळात होता. काकूंनी फळी उचलून घरात नेली, खालच्या बाजूनं ती पार कुजली होती. त्या माणसांना आईनं चहा दिला. आठवड्यानं इंजिनिअर टेप घेऊन आले, मोजमाप पुस्तिकेत, एमबीत, लांबी-रुंदी लिहायला, कारण एमबीत चढल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. ताईंनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. काकू दारातून बघत होत्या, बोळाच्या शेवटाकडं हात दाखवून म्हणाल्या, "साहेब, तिथं कोपऱ्यावर एक राहिला की ओ."

एस्टिमेटमध्ये तो कोपरा धरलेलाच नव्हता. ताईंनी टेप सोडली, पर्समधून डायरी काढली आणि विचारलं, "काकू, अर्ज तुम्ही देता का मी लिहू?"

काकू म्हणाल्या, "मीच देते." आणि चष्मा आणायला आत गेल्या.