दिल्ली, काठमांडू आणि हॉलंडचे बटाटे

आता गोव्यात, फोंड्याच्या या सभेत बसून भारताच्या नेपाळ धोरणाची चर्चा कशाला असं कोणाला वाटेल, पण शॅकवर तुमच्यापुढे मासे आणून ठेवणारा पोरगा बरेचदा नेपाळचाच असतो, त्याला २०१५ बद्दल विचारून बघा, घरात गॅस नव्हता हेच तो आधी सांगेल.

पण आधी २००५. १ फेब्रुवारीला नेपाळचा राजा ज्ञानेंद्रनं सरकार बरखास्त केलं, फोन बंद, पुढारी नजरकैदेत. दिल्लीनं राजाला शस्त्रं देणं थांबवलं ते ठीकच, पण खरी गंमत पुढे आहे. नेपाळच्या सशस्त्र माओवादी बंडखोरांना आपलंच सरकार दहशतवादी म्हणत होतं, आणि त्यांची नेपाळच्या संसदेतल्या सात पक्षांशी बोलणी चालली होती कुठे, तर आपल्याच दिल्लीत! नोव्हेंबरात राजाविरुद्ध त्यांचा १२ कलमी समझोता झाला. आपण काय केलं? बघून न बघितल्यासारखं केलं. माझ्या मते एवढं चांगलं काम आपण नेपाळात क्वचितच केलंय.

चुकलो नाही असं नाही हां. एप्रिल २००६ मध्ये काठमांडूचे रस्ते राजाविरुद्ध उतरलेल्या माणसांनी भरलेले आणि आपण राजाला समजवायला पाठवले डॉ. करण सिंह, स्वतः राजघराण्यातले, बायको नेपाळच्या राणा घराण्यातली. २१ तारखेला राजानं पक्षांना पंतप्रधानाचं नाव द्या म्हटलं, दिल्लीनं लगेच स्वागत केलं, पण लोकांना तेवढं पुरेसं नव्हतं, ते आपल्यावरच भडकले. मग परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना सांगावं लागलं की नेपाळी जनता ठरवेल ते आम्हाला मान्य. २४ ला रात्री राजानं संसद परत बोलावली. चूक झाली ती दोन दिवसांत सुधारली, बस.

आणि २०१५? भूकंप होऊन पाच महिने, नेपाळची नवी राज्यघटना आली, भारताला लागून असलेल्या तराईतले मधेशी तिच्यावर नाराज, सीमेवर भारतातून गॅस, इंधन नेणारे ट्रक अडले. दिल्ली म्हणे आम्ही नाही अडवले, मधेशींचं आंदोलन आहे. आंदोलन होतंच, पण काठमांडूत कोणाला ते पटलं नाही.

आता गोंयकारांना हे मी काय सांगू! १९५५ च्या सुमारास भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून, खाणींचा पैसा होताच. पहिल्या रांगेतले काका हसतायत, खाल्लेले दिसतायत ते बटाटे. गोवा पोर्तुगालची वसाहत होती, नेपाळ सार्वभौम शेजारी, तुलना तंतोतंत नाही, मान्य. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार काही त्या नाकेबंदीनं हलला नाही, १९६१ ला सैन्यच पाठवावं लागलं.

नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान के. पी. ओलीही हलले नाहीत. मार्च २०१६ मध्ये ते बीजिंगला जाऊन मालवाहतुकीचा करार करून आले. मधेशींसाठी जानेवारीत घटनादुरुस्ती झाली खरी, पण ती अपुरी म्हणून मधेशी पक्षांनीच नाकारली. आणि २०१७ च्या निवडणुकीत भारतापुढे वाकला नाही म्हणून मतं कोणाला पडली, तर ओलींनाच.