वाऱ्याचा आकडा कसा वाचायचा

श्रोतेहो, नमस्कार. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्यातला पावसाचा आकडा आपण कान देऊन ऐकतो आणि वाऱ्याचा सोडून देतो. फवारणी फुकट जाते किंवा पत्रे उडतात, तेव्हा मात्र दोष नशिबाला.

अंदाजातला वेग जमिनीपासून 10 मीटर उंचीचा, मोकळ्या जागेचा आणि काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. दोन मीटरवर तो साधारण पाऊणपट भरतो. म्हणजे अंदाज ताशी 20 किलोमीटरचा असेल, तर तुमच्या डोक्याच्या जरा वर 15. दाट तुरीत आणखी कमी, उघड्या माळावर जास्त.

नासधूस मात्र सरासरी करत नाही, झोत करतो. झोत म्हणजे दोन-चार सेकंदांचा धक्का. वारा 20 वरून 40 वर गेला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. वैशाखातल्या वळवाच्या ढगातून पडणारा पाऊस वाटेतच थोडा सुकतो, हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर चौफेर पसरते. म्हणून पावसाआधी धुळीचा लोट येतो, आणि दिशाही पार बदलते. उकाड्यात अचानक गार झुळूक लागली, की कडब्याच्या गंजीवरून खाली उतरा. ताडपत्री नंतर बघू.

दिशेचा घोळ नेहमीचा. नैर्ऋत्येचा वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा, तिकडे जाणारा नव्हे. मोबाईलवरचा बाण मात्र बहुधा वारा कुठे चालला ते दाखवतो, तेव्हा सोबतचा शब्द वाचा. त्याहून सोपं म्हणजे दोन मीटरच्या काठीला प्लास्टिक पिशवीची बोटभर रुंद पट्टी बांधून ती बांधावर रोवा.

आता फवारणी. नोझलपाशी ताशी 3 ते 10 किलोमीटर वारा चांगला. पानं सळसळतात, तोंडाला वारा जाणवतो, इतपत. बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की थांबायची वेळ झाली. धूळ नि कागद उडायला लागले तर पंप खाली ठेवाच, अंदाज काहीही म्हणो. पावसाळ्यात दुपारी वारा वाढतो, कारण तापलेली हवा वर जाताना वरची वेगवान हवा खाली ओढून आणते. म्हणून सकाळची वेळ धरा. पण हिवाळ्यातली अगदी निपचित पहाटही धोक्याचीच. चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल, तर जमिनीलगत गार हवेचा थर साचलाय. त्यात बारीक थेंब तरंगत राहतात आणि भलत्याच शेतात उतरतात. ऊन वर येऊ द्या.

पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेच्या कडेपासून सुरुवात करा. ओळीने दक्षिण-उत्तर चाला आणि दर फेरीला पश्चिमेकडे सरका. मग औषध अंगावर येत नाही आणि पाय कोरड्या पिकात पडतात. तिकडे पूर्वेला शेजाऱ्याचा कापूस असेल आणि तुम्ही उसात 2,4-डी हे तणनाशक मारत असाल, तर वारा फिरेपर्यंत थांबा. त्याचा नुसता वारा लागला तरी कापसाची पानं बोटांसारखी लांबट होतात, आणि मग बांधावरचं भांडण वर्षभर पुरतं.

राहिले पत्रे. वारा पत्रा ढकलत नाही, वर उचलतो, आणि सगळ्यात जास्त कोपऱ्यांवर नि कडेला. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं, तर आतूनही दाब बसतो. दगड ठेवून भागत नाही, उलट तेच डोक्यात पडतात. कडेच्या ओळीत हुक दाट मारा, वायसर झिजले असतील तर मे उजाडायच्या आत बदला, आणि वादळी वाऱ्याचा इशारा आला की वाऱ्याकडचं दार आधी लावा.