दोन ए३२०निओ, एकच कॉकपिट

[दृश्य: पडदा दोन भागांत. दाबोळी विमानतळ, सकाळ. दोन्ही कॉकपिट बंद, काचांवर उजेड.]

डावीकडचं विमान मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवायच्या संगणकी खेळाबरोबरच आलं, १८ ऑगस्ट २०२० रोजी. असोबो स्टुडिओने बनवलेलं ए३२०निओ, म्हणजे एअरबसचं प्रवासी विमान, मूळ खेळातच मिळणारं. उजवीकडचं ए३२एनएक्स. फ्लायबायवायर सिम्युलेशन्स या गटाने याच मूळ विमानावर काम सुरू केलं आणि एकेक यंत्रणा काढून आपली बसवत नेली. कोड गिटहब या संकेतस्थळावर खुला आहे आणि विमान फुकट आहे.

बाहेरून बघून फरक सांगता येत नाही. पंख तेच, चाकं तीच. म्हणूनच दोन स्क्रीनशॉट शेजारी लावून केलेल्या तुलनेतून फारसं काही हाती लागत नाही. फरक दिसतो तो विमान चालवताना, आणि तोही ठराविक जागी.

एक खुलासा आधीच केलेला बरा. डिसेंबर २०२३ मध्ये याच सिम्युलेटरमध्ये इनिबिल्ड्सचं ए३२०निओ व्ही२ आलं. ते तिसरंच विमान. विमानांच्या यादीत नावं जवळजवळ सारखी दिसतात, तेव्हा निवडताना निर्मात्याचं नाव वाचा.

[दृश्य: हवामान आणि वजनाच्या सेटिंग्ज.]

चाचणीचा मार्ग दाबोळी ते मुंबई, हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर. थेट हवामान बंद, आकाश निरभ्र, उड्डाणाचं वजन दोन्हीकडे ६२ टन. सिम्युलेटरची सगळी उड्डाण-साहाय्यं बंद. ऑटो-ट्रिमसारखं (नाक आपोआप समतोल ठेवणारं) एखादं साहाय्य चालू राहिलं, तर नव्या विमानाचे संगणक आणि सिम्युलेटर दोघेही एकाच वेळी नाक सावरायला जातात आणि विमान झोके खातं.

वजन भरायची जागाही वेगळी. डावीकडे सिम्युलेटरची नेहमीची वजनाची खिडकी. उजवीकडे कॉकपिटमधल्या फ्लायपॅड टॅबलेटवर ग्राउंडचं पान. तिथे प्रवासी, सामान आणि इंधन भरा, आणि मग सिम्युलेटरच्या खिडकीला हात लावू नका. नाहीतर खरं वजन एक आणि टॅबलेटवरचं दुसरं, असा घोळ होतो.

[दृश्य: वरच्या पॅनेलवर बॅटरीची बटणं, मग तीन फिरकी स्विच.]

बॅटरी १, बॅटरी २, बाहेरची वीज. डावीकडे स्क्रीन उजळले की विमानाला आपण कुठे आहोत, कुठल्या दिशेला तोंड करून आहोत, सगळं माहीत असतं. उजवीकडे मात्र लाल अक्षरं. वरच्या पॅनेलवरचे एडीआयआरएसचे (विमानाची जागा आणि दिशा मोजणाऱ्या यंत्रणेचे) तीन स्विच नॅव्हवर आणल्याशिवाय कृत्रिम क्षितिज येत नाही, नकाशाही नाही. मग संरेखन सुरू होतं, म्हणजे ही यंत्रणा आपली जागा आणि दिशा ठरवून घेते. ‘खरी वेळ’ निवडली असेल तर दहाएक मिनिटं लागतात, फ्लायपॅडवर ‘जलद’ निवडलं तर दीड मिनिट, आणि ‘तत्काळ’ हा पर्यायही आहे. कंट्रोल आणि ई दाबून इंजिनं आपोआप सुरू करायची सवय असेल, तर ती इथे सोडा. घाई असेल तर फ्लायपॅडच्या प्रीसेट्समध्ये ‘टॅक्सीसाठी तयार’ निवडा. मग विमान स्वतःच क्रमाने एकेक स्विच लावत जातं.

मार्ग भरण्याची रीतही बदलली. डावीकडे जगाच्या नकाशावर रेघ ओढली की ती विमानात उतरते. उजवीकडे नकाशावर फक्त निघायची जागा निवडायची आणि मार्ग एमसीडीयूमध्ये, म्हणजे कॉकपिटमधल्या बटणं आणि छोट्या पडद्याच्या संगणकात, भरायचा. सिमब्रीफ या उड्डाणाचा बेत आखून देणाऱ्या संकेतस्थळावर बेत आखलेला असेल, तर आपला ओळखक्रमांक एकदा फ्लायपॅडच्या सेटिंग्जमध्ये टाकून ठेवा. एमसीडीयूच्या इनिट (सुरुवातीची माहिती भरायच्या) पानावर ‘इनिट रिक्वेस्ट’च्या शेजारचं बटण दाबलं की मार्ग येतो. धावपट्टी आणि निर्गमनाचा मार्ग मात्र तुम्हीच निवडायचा.

[दृश्य: एमसीडीयूचा क्लोज-अप. इनिटचं दुसरं पान.]

या पानावर बरेच जण अडतात. उजवीकडची पहिली ओळ झेडएफडब्ल्यूची, म्हणजे इंधन सोडून विमानाचं वजन. रिकाम्या ओळीशेजारचं बटण एकदा दाबा, आकडा खाली टिपणाच्या ओळीत येतो. पुन्हा दाबा, तो वर जाऊन बसतो. एकदाच दाबून पुढे गेलात तर ओळ रिकामीच राहते, आणि मग पुढे इंधनाचा, वेगाचा, उतरण सुरू करायच्या बिंदूचा कुठलाच हिशेब जमत नाही. चूक जमिनीवर होते, कळते ती आकाशात. डावीकडच्या विमानाला या आकड्याची एवढी फिकीर नव्हती.

[दृश्य: हाताशी थ्रस्ट लिव्हर, शेजारी फ्लायपॅडवर कॅलिब्रेशनचं पान.]

आता सगळ्यात जास्त तक्रारींची जागा. एअरबसचा थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारा दांडा, मोटारीच्या ॲक्सिलरेटरसारखा वापरायचा नसतो. त्याला खाचा असतात: आयडल (किमान जोर), क्लाइंब (वर चढताना), फ्लेक्स (उड्डाणाचा कमी केलेला जोर), टोगा (पूर्ण जोर), आणि मागे रिव्हर्सच्या (उलटा जोर). क्लाइंबच्या खाचेत लिव्हर बसला की जोर कमी-जास्त करणं ऑटोथ्रस्ट या स्वयंचलित यंत्रणेकडे जातं. डावीकडच्या विमानात लिव्हर अंदाजे तिथे नेला तरी भागायचं. उजवीकडे खाच म्हणजे खाच.

ती शिकवावी लागते. आधी सिम्युलेटरच्या कंट्रोल सेटिंगमध्ये लिव्हरची रेषा सरळ करा: सेन्सिटिव्हिटी ०, रिॲक्टिव्हिटी १००, डेडझोन ०. मग फ्लायपॅडवर सेटिंग्ज उघडून थ्रॉटल कॅलिब्रेशनवर जा. लिव्हर आयडलवर ठेवा, ‘सेट फ्रॉम थ्रॉटल’ दाबा. पुढची खाच, पुन्हा तेच. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना ०.०५ इतकी सूट असते. म्हणजे दोन खाचांमध्ये ०.१० पेक्षा कमी अंतर राहिलं की त्या एकमेकींवर चढतात आणि पान चूक दाखवतं. शेवटी ‘सेव्ह अँड अप्लाय’. नुसतं ‘अप्लाय’ केलंत तर पुढच्या उड्डाणाला पहिले पाढे पंचावन्न.

स्वस्त जॉयस्टिकच्या छोट्या पट्टीवर सहा खाचा मावत नाहीत. तिथे रिव्हर्स पट्टीवरून काढून एखाद्या बटणावर द्यावा. आणि लिव्हर आपोआप थरथरत असेल, तर दुसऱ्या एखाद्या यंत्राला, बहुतेक वेळा जॉयस्टिकलाच, सिम्युलेटरने परस्पर थ्रॉटल नेमून दिलेला असतो. तो काढला की थरथर थांबते.

[दृश्य: उड्डाण. मुख्य स्क्रीनचा वरचा पट्टा, अगदी जवळून.]

उड्डाणानंतर या पट्ट्याच्या पहिल्या रकान्यात ‘एलव्हीआर सीएलबी’ लुकलुकू लागतं. लिव्हर क्लाइंबवर आणा, असा त्याचा अर्थ. खाच बरोबर बसली की तिथे ‘टीएचआर सीएलबी’ स्थिर होतं. लिव्हर मागे आणूनही लुकलुकणं थांबत नसेल, तर विमान बिघडलेलं नाही, खाच चुकलेली आहे. ऑटोथ्रस्ट चालत नाही म्हणून जेवढी ओरड होते, तिच्यातली बरीचशी इथेच मिटते.

वर गेल्यावर सांगण्यासारखं त्या मानाने थोडं. उजवीकडचं विमान वळणं आधीच आखून घेतं, घिरट्यांचा मार्गही स्वतः काढतं. उतरण कुठून सुरू करायची तो बिंदू नकाशावर दिसतो, पण प्रवासाची ठरलेली उंची (क्रूझ लेव्हल) आणि मुंबईचा वारा-दाब तुम्ही नीट भरला असेल तरच. वेळ पळवून प्रवास उरकायची खोड असेल, तर संगणकांना हिशेब पुरा करायला सवड मिळत नाही आणि विमान डुलायला लागतं.

[दृश्य: मुंबई, धावपट्टी २७. दोन्ही विमानं ५० फुटांवर.]

खऱ्या ए३२० मध्ये ५० फुटांवर संगणक त्या क्षणीचा नाकाचा कोन लक्षात ठेवतो. ३० फुटांपासून तो नाक हळूहळू खाली नेऊ लागतो: आठ सेकंदांत २ अंश खाली. त्यामुळे वैमानिकाला स्टिक ओढून नाक धरावं लागतं, जसं साध्या विमानात धरावं लागतं. उजवीकडे हे होतं. डावीकडे ही वेगळी पायरीच नाही. जुन्यावर हात बसलेला माणूस नव्यात सवयीने स्टिक मोकळी ठेवतो आणि धावपट्टीवर आदळतो. उलट, घाबरून जोरात ओढली तर विमान तरंगत राहतं आणि धावपट्टी पायाखालून सरकत जाते. ३० फुटांच्या सुमाराला हलकंसं ओढायचं, धरून ठेवायचं, आणि लिव्हर आयडलवर.

[दृश्य: निळ्या-पांढऱ्या रंगातलं विमान स्टँडवर.]

रंगांबद्दल थोडक्यात. मूळ विमानासाठी बनवलेली रंगसंगती उजवीकडे दिसत नाही, कारण तिच्या फाइलमधली बेस कंटेनरची ओळ असोबोच्या विमानाकडे बोट दाखवते. ती फ्लायबायवायरच्या फोल्डरकडे वळवावी लागते आणि लेआऊट फाइल पुन्हा बनवावी लागते. इंजिनाचंही बघा. हे विमान सीएफएम लीप इंजिनांचं आहे. इंडिगोची २०१६ पासून आलेली सुरुवातीची निओ विमानं प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांची होती, लीपची मागणी २०१९ मधली. नोंदणी क्रमांक निवडताना हे पाहिलं, तर जाणकार नाक मुरडणार नाहीत.

एक्सबॉक्सवर कम्युनिटी फोल्डरच (बाहेरची विमानं टाकायची जागा) नसतो. तिथे ही तुलना करायचा प्रश्न येत नाही, डावीकडचंच उडवा.

[दृश्य: धावपट्टीवरून बाहेर पडणारं वळण.]

शेवटची जागा टॅक्सीवेवर. खऱ्या ए३२० मध्ये रडर पेडलने पुढचं चाक ६ अंशच वळतं. पूर्ण ७५ अंशांसाठी टिलर, म्हणजे पुढचं चाक वळवायची हाताची मूठ, वापरायचा. फ्लायपॅडवर रडर आणि टिलर वेगळे करण्याची कळ आहे. ती चालू करून टिलरला जॉयस्टिकचा किंवा पेडलचा कुठलाच अक्ष नेमला नाही, तर पहिल्याच वळणावर विमान सरळ गवतात जातं. वेगळा अक्ष नसेल, तर ती कळ बंदच ठेवा.