मोत्याच्या डोळ्यातलं कुसळ

[दृश्य: सकाळची वेताळ टेकडी. वाळलेलं गवत, पलीकडे धुरकट शहर.]

पाऊस सरला, की टेकडीवरचं गवत बघता बघता पिवळं पडतं आणि त्याला कुसळं धरतात. फिरून आल्यावर पुणेकर मोज्यातली कुसळं चिमटीनं काढत बसतात. कुत्रं त्याच गवतात नाक खुपसून चालतं, आणि त्याचे डोळे नेमके कुसळांच्या उंचीवर असतात.

हा मोत्या. वय नऊ, जात गावठी. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात टेकडीवरून आला तो डावा डोळा मिटूनच. पाणी गळत होतं, पंजानं सारखा चोळत होता. घरात लगेच सल्ले सुरू. आजी म्हणाली, गाईचं तूप घाल. शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी आणून दिलं. आणि मी, कबूल करते, माझ्याच डोळ्यांचे उरलेले ड्रॉप्स घातले.

[दृश्य: दवाखान्यातलं टेबल. अंधार, निळा उजेड.]

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केशरी रंगाची पट्टी डोळ्याला लावली, दिवा मालवला आणि निळा टॉर्च धरला. बुबुळावर हिरवीगार रेघ चमकली. ती जखम. कुत्र्याला आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. ती हळूच उचलली, तर खाली कुसळ रुतून बसलेलं. माझ्या ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड होतं. जखमेवर स्टिरॉइड पडलं, की ती भरायची राहते आणि खोल जाते. डोळा फुटूसुद्धा शकतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला तेही दिसलं नव्हतं, वर मुसळ मीच घातलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे नैसर्गिक उपाय म्हणजे डोळ्यात काही न घालणं. तूप नाही, मध नाही, हळद तर नाहीच. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस पिळायचा आणि पापण्यांच्या बाहेरची घाण पुसायची. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

[दृश्य: स्कूटरच्या फूटबोर्डवर उभा कुत्रा, वाऱ्यात कान उडताहेत.]

हे दृश्य गोड दिसतं, मान्य. पण समोरची धूळ, खडी, चिलटं सगळी त्याच्या डोळ्यात जातात. मोत्याची स्कूटर बंद झाली, त्याचा राग अजून गेलेला नाही. पग किंवा शित्झू असेल, तर जास्तच जपायला हवं. त्यांचे डोळे मुळातच बाहेर आलेले. गळपट्ट्याला जोरात हिसका बसला, तर अख्खा डोळा खोबणीतून निसटल्याची उदाहरणं आहेत. त्यांना छातीचा पट्टा बरा.

आता गाजर. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून कुत्र्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जमत नाही. उकडलेलं गाजर, अंड्याचा पिवळा बलक, कधी थोडी मासळी, काटे काढून. चांगलंच आहे. पण रोज काळीज घालू नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी बाधतं. आणि आलेला मोतीबिंदू गाजरानं उतरत नाही.

मोतीबिंदूवरून आठवलं. यंदा मोत्याच्या दोन्ही डोळ्यांत निळसर झाक दिसायला लागली. नावाला जागला, असा विनोद घरात झाला, पण पोटात गोळा आला होता. डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नव्हे. वयानं डोळ्याचं भिंग घट्ट होतं, त्याची ही झाक. नजर फारशी जात नाही. खरा मोतीबिंदू पांढुरका, आणि कुत्र्याला मधुमेह असेल तर तो फार झपाट्यानं वाढतो. म्हणून अचानक पाणी फार प्यायला लागलं, सारखी लघवी करायला लागलं, तर रक्त तपासायचं. चिकट, पिवळा चिपाड रोज येत असेल, तर अश्रूच कमी पडत असतील. डोळा मिटून धरला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

[दृश्य: टेकडीवरची मुरुमाची वाट. आखूड पट्टा.]

दिवाळी ते वळीव आम्ही या मोकळ्या वाटेनंच जातो. घरी आल्यावर पापण्या, कान, बोटांच्या बेचक्या बघायच्या. मोत्या निमूट बसतो. गवताचा वास आला, की मात्र अजूनही तिकडेच ओढतो.