गप्प झालं म्हणजे गेलं असं नव्हे

(दृश्य : लातूर, औसा रोड. पहाट. एका हॉस्पिटलचं तळघर. एसीची घरघर.)

वरच्या मजल्यावर रात्रपाळीची सिस्टर पेशंटचा रिपोर्ट उघडते, तो इथून जातो. दोन सर्व्हर आणि दोघांना जोडलेलं एकच सामाईक स्टोरेज. एक सर्व्हर कामावर, दुसरा तयारीत. पहिला पडला की दुसऱ्याने डिस्क ताब्यात घ्यायची. यालाच फेलओव्हर म्हणतात.

पण पहिला पडला हे दुसऱ्याला कळतं कसं? दोघं नेटवर्कवरून एकमेकांना सतत ‘मी आहे’ असा निरोप देत असतात, त्याला हार्टबीट म्हणतात. तो थांबायला मात्र एक केबल निसटली तरी पुरतं. सर्व्हर जिवंतच असतो, डिस्कवर लिहीत असतो, फक्त त्याचा आवाज पोचत नसतो.

(दृश्य : शेत. सामाईक विहीर, काठावर दोन मोटारींचे स्टार्टर.)

आपल्याकडे अशा विहिरीवर भावाभावांच्या पाळ्या असतात. भावाचा फोन लागला नाही म्हणून कोणी त्याच्या पाळीत आपली मोटार चालू करत नाही. आधी त्याच्या वावरात जाऊन बघतात. आणि समजा दोन्ही मोटारी एकदम चालल्याच, तर पाणी लवकर तळाला जाईल, एवढंच.

डिस्कवर याहून वाईट घडतं. डिस्कवर फाइली कुठे ठेवायच्या हे फाइल सिस्टीम ठरवते. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टीम एका वेळी एकाच मालकासाठी बनवलेल्या आहेत. डिस्कवरचा कुठला ब्लॉक, म्हणजे जागेचा तुकडा, मोकळा, याचा हिशेब सर्व्हर आपल्या मेमरीत धरतो. दोघांनी डिस्क एकदम माउंट केली, म्हणजे वापरायला उघडली, की दोघंही तोच ब्लॉक मोकळा समजून त्यावर लिहितात. त्या क्षणी बहुतेक वेळा कसलीच एरर येत नाही. रिपोर्ट उघडेनासे होतात तेव्हा कळतं, आणि तोवर बॅकअपमध्येही बिघडलेल्याच फाइली गेलेल्या असू शकतात.

(दृश्य : सर्व्हरचे मिणमिणते दिवे.)

म्हणून नियम एकच : डिस्कला हात लावण्याआधी दुसऱ्याला तिच्यापासून नक्की तोडायचं. याचं नाव फेन्सिंग.

एक रीत सरळ वीज तोडण्याची. सर्व्हरमध्ये त्याला दुरून चालू-बंद करणारं आयपीएमआय कार्ड असतं; त्याला हुकूम जातो, मशीन बंद होतं, आणि तशी खात्री मिळाल्यावरच दुसरा पुढे सरकतो. लिनक्सवाले याला स्टोनिथ म्हणतात.

दुसरी रीत स्टोरेजच्या दारातच अडवण्याची. डिस्कशी बोलण्याच्या स्कझी-३ या भाषेत तिला पर्सिस्टंट रिझर्व्हेशन म्हणतात. प्रत्येक सर्व्हर डिस्कपाशी आपली किल्ली नोंदवतो. ज्याची किल्ली काढली, त्याचं लिहिणं डिस्क स्वतः नाकारते. अशा जोडलेल्या सर्व्हरांच्या गटाला क्लस्टर म्हणतात. विंडोज सर्व्हर २००८पासून विंडोजचे फेलओव्हर क्लस्टर हेच वापरतात. तिथे डिस्कचा मालक दर ३ सेकंदांनी यादी पाहून परकी किल्ली काढून टाकतो. ताबा मागणारा आपली किल्ली ठेवतो आणि ६ सेकंद थांबतो. किल्ली टिकली, तर मालक खरंच उरलेला नाही. मला या साऱ्यात हे थांबणं सर्वांत आवडतं. घाई असतानाही कोणीतरी आधी खात्री करून घेतंय.

दोनच सर्व्हर असले की दोघंही एकमेकांना एकदम बंद करू शकतात. २२ डिसेंबर २०१२ रोजी गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या साइटच्या फाइल सर्व्हरांच्या काही जोड्यांत असंच झालं. त्यामुळे एकाच्या हुकमाला थोडा उशीर लावतात, किंवा चालू कोणी राहायचं हे ठरवायला तिसरं मत ठेवतात.

(दृश्य : यूपीएस, जनरेटर. लाइट जाते.)

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. आयपीएमआय कार्ड सर्व्हरच्याच विजेवर चालतं. एका रॅकचा यूपीएस बसला, की सर्व्हरही गेला आणि कार्डही. खात्री कोण देणार? क्लस्टर अडून राहतं, आणि ते बरोबरच करतं. इथेच कंटाळून कोणीतरी सेटिंगमध्ये फेन्सिंगच बंद करून टाकतं. कृपा करून ते करू नका. आयपीएमआयच्या जोडीला रिझर्व्हेशनसारखा दुसरा मार्ग ठेवा.

(दृश्य : सिस्टीम सांभाळणारी ताई रॅकमागे वाकते.)

“गप्प झालं म्हणून गेलं असं कसं म्हणायचं, दादा?” ती म्हणते, आणि चालत्या सर्व्हरच्या हार्टबीटच्या दोन्ही केबल ओढून काढते.

काही सेकंद काहीच होत नाही. मग त्याचा पंखा थांबतो, दिवा विझतो. त्यानंतरच शेजारचा सर्व्हर डिस्क माउंट करतो.

ती वहीत वेळ लिहून घेते आणि केबल परत लावते.