हिरडीखालचा वास

ही बारीक सळई नीट बघा. टोक बोथट आहे आणि अंगावर मिलिमीटरच्या खुणा. दंतवैद्य ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद सरकवतात आणि किती आत जाते ते बघतात. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटरवर अडते. इथे सहाची खूणही आत गेली आहे, आणि बाहेर काढली तर टोकाला रक्त.

अशा खुर्चीत बसलेल्या माणसाची तक्रार बहुतेकदा हिरडीची नसतेच. तोंडाला वास येतो, घरचे सांगतात, एवढंच. इथवर येईपर्यंत घरगुती उपाय सगळे झालेले असतात. पोट साफ नसेल म्हणून रात्री त्रिफळा, जेवणावर बडीशेप, खिशात वेलची. पोटाला आपण फार पटकन दोषी धरतो बुवा! अन्ननलिकेचं तोंड एरवी मिटलेलंच असतं. दहांतल्या आठ-नऊ जणांच्या वासाचं मूळ तोंडातच सापडतं, जिभेच्या मागच्या भागावर नाहीतर हिरडीखाली.

हिरडीखालच्या या खोल फटीत ऑक्सिजन जेमतेम पोचतो. काही जिवाणूंना तेच मानवतं. गळून पडलेल्या पेशी, सुजलेल्या हिरडीतून पाझरणारं रक्त, अडकलेलं अन्न, यांतली प्रथिनं फोडून ते गंधकाचे वायू सोडतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे नासक्या अंड्याचा वास. दुसरा मिथाइल मरकॅप्टन. हिरड्या बिघडलेल्यांच्या श्वासात तो विशेष वाढलेला असतो. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे सकाळी उठल्यावर थोडा वास सगळ्यांनाच येतो. तो दात घासले की जातो. हिरडीखालचा हा वास मात्र तासाभरात परत येतो.

हिरडी बिघडायला वेळ फार लागत नाही. डेन्मार्कमधल्या हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात ठीक झाल्या. पण तेवढ्यात सावरलं नाही तर दातावरचा थर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. त्याचं किटण होतं, आणि ते ब्रशला दाद देत नाही. मग हिरडी दात सोडते, खालचं हाड झिजतं. ते आपसूक भरून येत नाही.

आता हा तवा. तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, ही मिश्री. आपल्या गावागावांत कितीतरी बायका सकाळी हिनेच दात घासतात. दाताचा ठणका थांबतो म्हणून सुरू होते आणि मग सुटत नाही. तोंडाच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहेच. विडी-सिगारेटची तऱ्हा आणखी वेगळी. धुराने हिरडीतून रक्त येणं कमी होतं, म्हणजे आत हाड झिजत असलं तरी थुंकीत लाल दिसत नाही.

आणि मशीनने दात साफ केले की हलायला लागतात, ही भीती? हाड आधीच गेलेलं असतं. किटणाने दात जखडून ठेवलेले असतात, ते निघालं की फटी दिसतात, काही दिवस गार पाणी झोंबतं. दोष मशीनच्या माथी.

वासाची तक्रार घेऊन आलेल्याच्या हातात डॉक्टर रक्तातल्या साखरेच्या तपासणीची चिठ्ठी देतात, तेव्हा बाहेर बाकावरचे नातेवाईक चक्रावतात. मधुमेह आटोक्यात नसला तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे या चिठ्ठीमुळेच कळतं.